घंटी मामांच्या ताब्यात

माझा आवाज लहान आहे. आजारी नाही, बसलेला नाही, लाजराही नाही. एखाद्याचं पाऊल लहान असतं तसा तो लहान आहे, इतकंच. पावलाला मापाची चप्पल मिळते, आवाजाला मापाचा वर्ग मिळत नाही. मला दहावी ब मिळाली.

त्यात माझा एक नेम आहे. रोज सकाळी देवापुढे दिवा लावला की मी मनात म्हणते, आजचा दिवस आवाज चढवणार नाही. फक्त आजचा. कायमचा घेतला असता तर तो केव्हाच मोडून पडला असता. रोजचा असल्यामुळे रोज ताजा मिळतो. मोडला तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या दिव्यापासून संध्याकाळच्या दिव्यापर्यंत मौन. ही अट मी कॉलेजात असताना स्वतःला घातली. तेव्हा एक दिवस गप्प बसायला वाचनालयात जाऊन बसलं की पुरे होतं. पुढे मी शाळेत विज्ञान शिकवणार आहे हे देवाला ठाऊक असेल, मला नव्हतं.

दहावी ब बद्दल मी वाईट बोलणार नाही, कारण तोही एक नेम आहे. मुलं गुणी आहेत. फक्त ती सगळी एकाच वेळी गुणी असतात आणि मोठ्याने असतात. शेवटच्या बाकावर एक मुलगी बसते, तिला सगळी शाळा रेडिओ म्हणते. ती सकाळी सुरू होते आणि शाळा सुटल्यावर बंद होते की घरी जाऊनही चालू राहते, हे तिच्या आईलाच विचारायला हवं. मी वर्गात शिरून "बसा" म्हटलं की पहिला बाक बसायचा. दुसरा बाक पहिल्याला विचारायचा, "बाई काय म्हणाल्या?" ही बातमी मागे पोचेपर्यंत माझं फळ्यावर तारीख घालून धड्याचं नाव लिहून झालेलं असायचं.

यावर उपाय म्हणून मी एक छोटीशी गोष्ट ठरवली. वर्गात एक घंटी न्यायची. गलका वाढला की टिण करायचं, आणि मुलं गप्प झाली की बोलायचं. एवढीच योजना होती. ती इतकी लहान होती की कुणाला सांगायचीही गरज नव्हती. ती मी जेवताना घरात सांगितली, तिथे चूक झाली.

आमच्या सासूबाईंचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जातो. भाजीवाला आमच्या इमारतीखाली हाक मारत नाही, कारण सासूबाई वरून त्यालाच हाक मारतात. त्या प्रेमळ आहेत, पण प्रेमसुद्धा मोठ्याने करतात.

"घंटी कशाला?" त्या म्हणाल्या. "सरळ ओरड ना. माझ्याकडून शिक. दिवसाला एक ओरडा, महिन्यात तयार होशील."

"आई, माझा नेम आहे."

"देवाला काही वाटत नाही गं. माझं ओरडणं तो इतकी वर्षं ऐकतोय, काही म्हणालाय?"

यावर आमचे हे म्हणाले, "त्याची मधे बोलायची हिंमत झाली नसेल." त्यानंतर त्यांना त्या जेवणात दुसऱ्यांदा आमटी मिळाली नाही.

सासूबाईंच्या आवाजामुळे ही योजना समोरच्या दारातही पोचली. समोरचे काका सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आहेत, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. ते पेन घेऊनच आले.

"परवानगी घेतलीस?" त्यांनी विचारलं.

"काका, एवढीशी घंटी आहे."

"वस्तू लहान असली तरी अर्ज मोठाच करावा लागतो. शाळेत बाहेरची टाचणीसुद्धा अर्जाशिवाय टोचू नये. नंतर टाचणी कुणाची, असा प्रश्न येतो."

वरच्या मजल्यावरच्या गाणाऱ्या काकूंनी जिन्यात अडवून सांगितलं की दोष घशाचा नाही, बेंबीचा आहे. आवाज बेंबीपासून काढला तर घंटीची गरज उरत नाही. त्यांनी तिथेच बेंबीपासून एक 'आ' लावून दाखवला. तळमजल्यावरचं कुत्रं उठून गेटापर्यंत गेलं.

मी कुणाचंच ऐकलं नाही. आमच्या देवापुढची घंटी नेणं बरोबर नव्हतं, म्हणून बाजारातून मुठीत मावेल अशी एक पितळी घंटी आणली आणि डब्याच्या पिशवीत घालून शाळेत नेली.

पहिला दिवस सोन्यासारखा गेला. गलका वर चढला, मी टिण केलं, आणि दहावी ब चक्क थांबली. ती शिस्तीने थांबली असा माझा दावा नाही. आवाज कुठून आला हे बघायला थांबली. पण थांबली, हे महत्त्वाचं. तेवढ्या शांततेत मी प्रकाशाचं अपवर्तन शिकवून घेतलं. प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकतो, पण डोळ्याला ते कळत नाही. फळ्यावर आकृती काढता काढता मी स्वतःशीच पुटपुटले, "डोळा बिचारा सरळमार्गी, त्याला वाटतं सगळं जग सरळच येतं." हे वाक्य कुणी ऐकलं नसणार. रेडिओ त्या वेळी शेजारणीला कुणाच्या तरी आत्येभावाच्या लग्नाचा वृत्तांत सांगत होती.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडच्या वर्गात गणिताचे सर होते. सर अतिशय विद्वान आहेत आणि घंटा ऐकून जगतात. घंटा झाली की ते डस्टर उचलतात आणि पायांना पुढचा वर्ग माहीत असतो, त्यामुळे मनातलं गणित अडत नाही. मी टिण केलं. सरांनी डस्टर उचललं आणि अर्ध्या समीकरणावरून निघून गेले. त्यांचा वर्ग ते समीकरण तसंच ठेवून मैदानात गेला. सर चालत चालत माझ्याच वर्गात आले, माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "तुमचा तास संपला," आणि उरलेलं समीकरण दहावी ब ला घालू लागले. मी त्यांना हळू आवाजात तीनदा सांगितलं. त्यांना ऐकू आलं नाही.

खरा घाव मात्र मामांना लागला होता.

मामा म्हणजे आमचे शिपाई. शाळेची विजेची घंटा बिघडल्यापासून पोर्चमध्ये एक लोखंडी तुकडा टांगलेला आहे आणि त्यावर हातोडीचे ठोके देण्याचा मान मामांकडे आहे. दुसरं कुणी त्याला हात लावत नाही. संस्थेचे अध्यक्ष एकदा हौसेने ठोका द्यायला गेले होते, तेव्हा मामांनी हातोडी धुवायला टाकली आहे असं सांगितलं होतं.

मधल्या सुट्टीत मामा माझ्यासमोर उभे राहिले. रागावलेले नव्हते. दुखावलेले होते, ते जास्त वाईट.

"बाई, आमचं काही चुकलं का?"

"नाही हो मामा. असं का विचारता?"

"नाही, शाळेत घंटा तुम्ही वाजवायला लागलात म्हणे. मग आम्ही काय झाडं मोजायची?"

"मामा, ती वर्गातली घंटी आहे. शाळेची नाही."

"वर्ग काय शाळेबाहेर आहे?" मामा म्हणाले. "वाजवा, वाजवा. आम्ही मोकळे झालो."

आणि त्यांनी हातोडी माझ्या डब्याशेजारी ठेवली.

त्या दुपारी शाळेत घंटा झाली नाही. पाचवा तास संपेचना. इतिहासाच्या बाईंचं पुस्तक संपलं, तरी तास उरला. चित्रकलेच्या वर्गातल्या मुलांनी डोंगर, सूर्य, झोपडी आणि नदी काढून झाल्यावर नदीत पूर आणला. गणिताचे सर मात्र आनंदात होते. शेवटी मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, स्वतः बाहेर आल्या आणि त्यांनी आधी घड्याळाकडे, मग मामांकडे, मग मामांच्या बोटाच्या दिशेने माझ्याकडे पाहिलं.

मोठ्या बाई न्यायी आहेत. त्यांच्या टेबलावर फोन असतो, तो सतत वाजत असतो आणि त्यावर वरून सतत काहीतरी मागितलेलं असतं. झाडांचे फोटो, हात धुतल्याचे फोटो, फोटो पाठवल्याचे फोटो. त्या न्याय देतात तो दोन फोनांच्या मधे.

"घंटी मामांच्या ताब्यात राहील," त्यांनी निकाल दिला. "बाईंना लागेल तेव्हा मामा वर्गात येऊन वाजवतील. मामा, चालेल?"

"शाळेचं काम आहे, चालवून घेऊ," मामा म्हणाले आणि हातोडी माझ्या डब्याशेजारून उचलली.

मला चालेल का, हे विचारायच्या आत फोन वाजला.

तेव्हापासून माझ्या तासाला मामा दाराशी स्टूल टाकून बसू लागले. घंटी मांडीवर, नजर वर्गावर. त्यांचं काम चोख होतं. पण गलका कशाला म्हणायचं याबद्दल त्यांचं स्वतःचं मत होतं. कुजबुज झाली तरी टिण. बाक सरकला तरी टिण. एकदा मी बहिर्वक्र भिंगाबद्दल जरा रंगून बोलत होते, तर मधेच टिण झालं.

"मामा, मी शिकवतेय," मी म्हणाले.

"ते खरं, पण आवाज आवाजच. नियम सगळ्यांना सारखा हवा."

दहावी ब ने टाळ्या वाजवल्या. त्यावर पुन्हा टिण.

याच सुमारास पालकांचा गट जागा झाला. हल्ली शाळेला चार भिंती असतात आणि पाचवी भिंत पालकांच्या फोनात असते. एका वडिलांनी विचारलं की मुलांना घंटीवर उठायला-बसायला लावणं हे मानसशास्त्राला धरून आहे का. दुसऱ्या वडिलांनी मानसशास्त्राचा एक लांब लेख पाठवला, जो निघाला गुडघेदुखीचा. एका आईने लिहिलं, "आमचा घरी हाका मारून जेवायला येत नाही, बाई घंटी कुठून घेतात?" तिच्याखाली अंगठ्यांची रांग लागली. संध्याकाळी मी बाजारात गेले तर घंटीवाल्याने माझी विचारपूस केली आणि बसायला स्टूल दिलं.

हे सगळं गोड मानून मी चालले असते. पण मोठ्या बाईंनी मला बोलावून दार लावून घेतलं.

"बाई, तपासणीचे साहेब येणार आहेत. तुमच्या कायम होण्याचा शेरा तेच देणार. तुम्हाला त्यांची पद्धत माहीत आहे?"

मला माहीत नव्हती.

"ते काही तपासत नाहीत. शेवटच्या बाकावर जाऊन बसतात. शिक्षकाचा आवाज तिथे पोचला तर कायम, नाही पोचला तर आणखी एक वर्ष वाट बघा. आणि पुढच्या वर्षी तुमची जागा राहील की नाही हे मला सांगता येणार नाही. एक तुकडी कमी करायचं घाटतंय."

मी खुर्चीचा हात धरला. मला ही शाळा आवडते. रेडिओसकट आवडते.

"घंटी आहे ना," मी म्हणाले.

"घंटी त्या दिवशी कपाटात. साहेबांसमोर घंटी वाजवणं म्हणजे आवाज पोचत नाही असं आपणच लिहून देणं. बाई, मी तुम्हाला नेम मोडा असं कधी म्हणाले नाही. पण एक तास जरा मोठ्याने बोला."

घरी त्या रात्री सराव झाला. सासूबाई दिग्दर्शक होत्या. मी देवाच्या खोलीत उभी, म्हणजे फळ्यापाशी. आमचे हे स्वयंपाकघरात, म्हणजे शेवटच्या बाकावर. समोरचे काका मधल्या खोलीत निरीक्षक, आणि गाणाऱ्या काकू बेंबीकडे लक्ष ठेवायला.

"बोल," सासूबाई म्हणाल्या.

"प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाताना..." मी बोलले.

"आलं का रे ऐकू?" सासूबाईंनी विचारलं.

"तुझं आलं," हे आतून म्हणाले.

पुन्हा बोलले. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ह्यांनी माझी दया येऊन "आलं आलं" असं सांगितलं, पण काकांनी विचारलं, "काय आलं?" आणि ह्यांना सांगता येईना. काकू म्हणाल्या, बेंबी अजून झोपलेली आहे.

गर्दी पांगल्यावर सासूबाई माझ्याजवळ बसल्या आणि त्यांच्या मानाने हळू म्हणाल्या, "एका दिवसाने काय बिघडणार आहे गं?"

"आई, ओरडले की मला समोरचं पोर दिसेनासं होतं. फक्त आपलाच आवाज ऐकू येतो. म्हणून घेतला होता नेम."

त्यांनी आवाज न करता माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटतं त्यांच्या घरातली ती पहिलीच वेळ.

शेवटी मी ठरवलं की ओरडायचं नाही, पण शक्य तितकं स्पष्ट बोलायचं आणि पुढचं देवावर सोपवायचं. देवाने ते हाती घेतलं, पण त्याच्या पद्धतीने.

तपासणीच्या आदल्या दिवशी शाळेची सजावट चालली होती. मामा पोर्चमध्ये टेबलावर स्टूल आणि स्टुलावर उभं राहून 'सुस्वागतम्'ची पट्टी बांधत होते. मी जिन्यातून खाली येत होते. टेबलाचा एक पाय पायरीच्या कडेवर आला होता. मामा पट्टीचं टोक पकडायला आणखी पुढे झुकले आणि तो पाय हलला.

"मामा, थांबा!"

हे मी म्हणाले. मी म्हणाले यावर माझाही विश्वास बसला नाही. आवाज बेंबीपासून आला की टाचेपासून, काकूंनाच ठाऊक. पोर्चमधला लोखंडी तुकडा गुणगुणला. सगळ्या वर्गांतला गलका एकदम बंद झाला. गणिताचे सर डस्टर घेऊन दारात आले. मामा होते तिथे गोठले, तेवढ्यात मी धावत जाऊन टेबल धरलं आणि ते खाली उतरले.

त्यांनी आधी त्या पायरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"बाई," ते म्हणाले, "हा आवाज इतके दिवस कुठे ठेवला होता?"

मोठ्या बाई खोलीतून धावत आल्या त्या उजळलेल्या चेहऱ्याने. "बाई, बस. उद्या हाच. जरासुद्धा कमी नको."

मला रडू यायचं तेवढं राहिलं होतं. कारण उद्या दिव्यापासून दिव्यापर्यंत मला एक शब्दही बोलायचा नव्हता.

संध्याकाळी आमच्या मधल्या खोलीत यावर पूर्ण बैठक झाली. काकांनी सांगितलं की जीव वाचवण्यासाठी केलेला ओरडा हा नेमाच्या व्याख्येत बसत नाही आणि तसा अर्ज ते स्वतः लिहून देतील. कुणाच्या नावे, असं ह्यांनी विचारलं, तर काका म्हणाले, योग्य मार्गाने वर जाईल. काकू म्हणाल्या, मौनात गुणगुणलेलं चालतं. सासूबाई म्हणाल्या, "देव काय तुझी हजेरी घेतोय?"

घेत नाही, हे मलाही कळतं. तो हजेरी घेत असता तर सोपं होतं, एखाद दिवस खाडा टाकला असता. पण अपवाद एकदा घरात आला की तो पाणी पिऊन जात नाही, पाटावरच बसतो. आणि खरं सांगायचं तर मामांसाठी ओरडल्याचा मला पश्चात्ताप नव्हता. ओरडले ते बरंच केलं. मग त्याचं जे काही देणं लागतं ते देऊन टाकावं, इतकाच माझा हिशेब होता.

सकाळी दिवा लावला आणि तोंड मिटलं. स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंच्या लाडक्या खोलगट स्टीलच्या वाडग्याकडे बोट दाखवलं.

"ने," त्या म्हणाल्या. "पण पोचा आणलास तर माझा ओरडा ऐकशील."

मोठ्या बाईंना मी चिठ्ठी दिली. तिच्यावर लिहिलं होतं, 'आज मौन.' त्यांनी ती वाचली. उलटी करून वाचली, मागे काहीच नव्हतं. मग खुर्चीत बसल्या.

"आजच?"

मी मान हलवली.

"मी साहेबांना सांगते तुमचा घसा बसलाय."

मी जोरात मान नकारार्थी हलवली.

"बाई, खोटं मी बोलणार आहे. तुमचा नेम तुमच्यापुरता."

मी आणखी जोरात हलवली. त्यांनी कपाळाला हात लावला, तेवढ्यात फोन वाजला आणि साहेब गेटात आल्याचं कळलं.

साहेब बारीक चणीचे, पांढऱ्या मिशांचे होते. कुणाशी न बोलता ते दहावी ब च्या शेवटच्या बाकावर गेले आणि रेडिओच्या शेजारी बसले. मामा आज स्टुलाशिवाय दाराबाहेर उभे होते. मी फळ्यासमोर उभी राहिले आणि बोलले नाही.

दहावी ब ला आधी काही फरक जाणवला नाही. मी बोलत नाही आणि मी बोलतेय, या दोन्हींची त्यांना सवय होती. गलका नेहमीसारखा चढला. मी टेबलावर वाडगा ठेवला. वाडग्यात एक नाणं टाकलं. पहिल्या बाकावरच्या मुलाला खुणेने उभं केलं आणि एक एक पाऊल मागे सरकवत नेलं, वाडग्याची कड आड येऊन नाणं दिसेनासं होईपर्यंत.

"गेलं," तो म्हणाला.

"काय गेलं?" दुसरा बाक.

"नाणं."

"कुठे गेलं?" चौथा बाक.

त्याला तिथेच उभा ठेवून मी तांब्यातून वाडग्यात पाणी ओतायला लागले. हळूहळू.

"आलं," तो म्हणाला. "अरे, मी हललोसुद्धा नाही. आपणहून आलं."

यानंतर वर्गात जे झालं ते मी आजवर पाहिलं नव्हतं. जो तो दुसऱ्याला गप्प करायला लागला. "श्श, बाई काय करतायत बघू दे." न बोलणाऱ्या बाईंचं ऐकायला दहावी ब गप्प झाली होती. बाक सोडून मुलं टेबलाभोवती आली, आणि त्यांच्या खांद्यांमधून एक पांढरी मिशी पुढे सरकताना दिसली.

"मला दिसलं नाही," साहेब म्हणाले. "परत करा."

मी पाणी तांब्यात ओतलं. साहेबांच्या बाहीला धरायचा धीर झाला नाही, म्हणून हातानेच मागे सरका असं खुणावलं. ते सरकले. आणखी सरका. सरकले.

"गेलं," साहेब म्हणाले.

मी पाणी ओतलं.

"आलं," साहेब म्हणाले, आणि त्यांनी आजूबाजूला असं पाहिलं की जणू ही त्यांचीच करामत आहे. मग एकदम आपण कोण आहोत ते त्यांना आठवलं. त्यांनी कोट सारखा केला, शेवटच्या बाकावर परत जाऊन बसले आणि तिथून विचारलं, "बाई, हे का होतं?"

मी तोंड उघडलं नाही. मोठ्या बाई दारात आल्या होत्या, त्यांनी डोळे मिटून घेतले. मी फक्त हात वर्गाकडे केला. कुणीतरी सांगा, म्हणून. पहिल्या बाकाकडे पाहिलं, तो पायांकडे बघत होता.

"मी सांगू?" शेवटच्या बाकावरून आवाज आला. रेडिओ.

मी मनात देवाचं नाव घेतलं.

"प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकतो," रेडिओ म्हणाली. पण तिच्या नेहमीच्या आवाजात नाही. हळू, सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा ठेवून. माझ्यासारखी. "पण डोळ्याला ते कळत नाही. डोळा बिचारा सरळमार्गी, त्याला वाटतं सगळं जग सरळच येतं. म्हणून त्याला नाणं आहे त्याच्यापेक्षा वर दिसतं. आता आपण हे हळूच वहीत उतरवू या."

शेवटचं वाक्यही माझंच होतं. वर्ग हसला. मी नाही हसले, कारण मला समोरचं धूसर दिसायला लागलं होतं.

साहेबांनी तिच्याकडे वळून विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?"

"बाईंनी."

"कधी?"

"घंटीच्या पहिल्या दिवशी. फळ्याशी बोलत होत्या."

"तुला इथे ऐकू आलं?"

"येतं की," रेडिओ म्हणाली. "लक्ष द्यावं लागतं जरा. मी बोलता बोलता देते."

साहेब उठले. जाताना मोठ्या बाईंपाशी थांबले. "कागद येईल तेव्हा येईल," ते म्हणाले, "पण आवाज पोचतो. कायम समजा. बाईंना काही बोलायचं नाही का?"

"त्यांचं आज मौन आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. खोटं बोलायची वेळच आली नाही.

"आज?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची मिशी जराशी हलली. "उत्तम. बाकीच्यांनाही सुचवून बघा."

सगळे गेल्यावर मामा आत आले आणि त्यांनी पितळी घंटी टेबलावर ठेवली. "ठेवा तुमच्यापाशी," ते म्हणाले. "पण शाळेत नको. घरी वाजवा."

घरी पोचले तेव्हा संध्याकाळचा दिवा लागायला अवकाश होता. सासूबाईंनी दार उघडलं.

"काय झालं?"

मी गप्प. डोळे शाळेपासूनच लाल होते.

"नाही झालं," सासूबाई म्हणाल्या, आणि हे आत असलेल्या ह्यांना सांगण्यासाठी म्हणाल्या, म्हणजे सगळ्या इमारतीला. मी हाताने नाही, नाही करत होते. "बघ, नाही म्हणतेय," त्या म्हणाल्या.

समोरचं दार उघडलं. काका पेन घेऊनच आले. "याविरुद्ध दाद मागता येते," ते म्हणाले. काकू जिना उतरून आल्या आणि मला पाणी दिलं. ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की नोकऱ्या काय, येतात आणि जातात. सासूबाईंनी साहेबांच्या मिशीबद्दल, न पाहताच, चार वाक्यं बोलून घेतली. काकांनी अर्जाचा मायना तोंडी सुरू केला. काकूंनी बेंबीला दोष दिला. मी मधे उभी राहून मोठ्या बाईंनी परत दिलेल्या चिठ्ठीच्या कोऱ्या बाजूवर दोन शब्द लिहिले आणि ती वर धरली. पण प्रत्येकजण दुसऱ्याशी बोलत होता. माझ्याकडे बघायला कुणालाच सवड नव्हती.

मग मी पिशवीतून घंटी काढली.

टिण.

सगळे थांबले. सासूबाईसुद्धा. चौघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं, आणि मी चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली. 'कायम झाले.'

मधली खोली इतकी शांत मी कधी ऐकली नव्हती. सासूबाईंनी चिठ्ठी हातात घेतली, वाचली, डोळ्यांना पदर लावला. मग ताठ उभ्या राहिल्या, खिडकीपाशी गेल्या, छाती भरून श्वास घेतला, आणि ही बातमी शेवटच्या बाकाच्याही पलीकडे पोचवली.

नंतर मागे वळून त्यांनी त्यांच्या मानाने हळू विचारलं, "वाडग्याला पोचा तर नाही ना आणलास?"